ऑडिओबुक : वाचणारा वाचतोय की नाटक करतोय? आणि आपल्या बेळगाव बाजूचं मराठी कुणाला जमतं का?

शहापूरचा_श्रोता

मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात आहे, इथं ऐकणारे बरेच आहेत म्हणून टाकतो. माझं काम पंप सर्व्हिसिंगचं, आठवड्यातले निम्मे दिवस गाडीतच, कधी चिक्कोडी-अथणी, कधी सौंदत्ती, कधी खानापूर-लोंढा. गाणी किती ऐकणार माणूस. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं २०१७ च्या शेवटी, मराठी पहिल्यापासून होतं त्यात, साधारण तेव्हापासून पुस्तकं कानात आहेत. मग ऑडिबल आलं, कुकू एफएम आलं, यूट्यूबवर तर कोण काय वाचून टाकतंय त्याला धरबंधच नाही.

आता माझं मत, पटत नसेल तर भांडा. पुस्तक चांगलं का वाईट हे कळायच्या आधी वाचणारा कळतो. पहिल्या पाच मिनिटांत लेखक कुठं असतो, तिथं नुसता आवाज असतो. आणि मराठीत मला दोनच जाती दिसल्या, एक वाचणारे आणि दुसरे नाटक करणारे. लेखकानं लिहिलंय 'ती हुंदके देत म्हणाली'. तर हा आधी एक हुंदका देणार, मग तिचा संवाद हुंदक्यात म्हणणार, आणि त्यावर परत 'ती हुंदके देत म्हणाली' हे पण वाचणार. अहो कळलं की एकदा! लेखकानं ते वाक्य लिहिलंय ना, त्याला करू दे की त्याचं काम. दार वाजलं की करकर आवाज, पाऊस आला की पावसाचा आवाज, माझ्या गाडीबाहेर खराच पाऊस असतो त्यात हा दुसरा, वायपर लावू का आवाज कमी करू कळत नाही.

पुरुष वाचक बायकांचे संवाद बारीक आवाज काढून म्हणतात ते तर मला सहनच होत नाही. आवाज बारीक केल्यानं बाई होत नाही, लय बदलली की होते.

पण खरा राग दुसरीकडं आहे. खेडेगावातलं पात्र आलं की सगळ्यांचा एकच आवाज, ती जुन्या तमाशापटातली ओढून ताणून काढलेली भाषा. मग तो माणूस सोलापूरचा असो, खानापूरचा असो नाहीतर मालवणचा. आणि बेळगावकडचा माणूस आला तर बघायलाच नको, वाक्याच्या शेवटी दोन 'की' लावले आणि हेल काढला की झालं यांचं बेळगाव. आणि तो नेहमी विनोदी. बेळगावचा माणूस कधी दुःखी असतो, कधी हिशेब करत असतो, कधी नुसता गप्प असतो हे यांच्या गावीच नाही.

माप म्हणून पुलंचं रावसाहेब ऐका, बेळगावच्याच माणसाचं व्यक्तिचित्र, पुलंच्या स्वतःच्या आवाजातलं. हसू येतं, भरपूर येतं, पण पुलं त्या भाषेला हसत नाहीत, त्या माणसावर जीव आहे ते ऐकू येतं. ते आपल्या बेळगावच्या आरपीडी कॉलेजात प्रोफेसर होते, ही भाषा रोज कानावर पडलेली. तसं कुणी आत्ता वाचतं का? ऐकलं असेल तर सांगा.

---

अनगोळ_अक्का

श्रोता भाऊ, तुमचं निम्मं पटलं निम्मं नाही. नाटकाचा एवढा राग कशाला? आम्ही रेडिओवर वाढलो. सांगली स्टेशन लागायचं आमच्याकडे, धारवाडही लागायचं, मुंबई कधी रात्री लागली तर लागली. मुंबईचं 'प्रपंच' आठवतं का कुणाला, पंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी? बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी, तिघांनी नुसत्या आवाजावर घर उभं केलं, लोक त्यांना खरं कुटुंब समजायचे. ते नाटकच होतं की. आणि कथाकथन म्हणजे तरी काय? मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर तिघं व्यासपीठावर बसून सांगायचे तेव्हा समोरची माणसं हसून लोळायची. वपुंच्या कॅसेट आमच्या शेजारी रोज संध्याकाळी लागायच्या. ते कुणी सपाट आवाजात वाचत नव्हते.

मी रिटायर झाल्यापासून दुपारी ऐकते, चपात्या करताना, शेंगा फोडताना. हात कामात आणि कान रिकामे असले की मला थोडं नाटक लागतं हो, नाहीतर झोप येते. सपाट वाचणाऱ्या एका बाईंच्या आवाजात मी एक जाडजूड कादंबरी ऐकायला घेतली होती, तिच्यातल्या लढाया पण त्यांनी किराणा मालाच्या यादीसारख्या वाचल्या.

बेळगावच्या भाषेबद्दल मात्र शंभर टक्के बरोबर.

---

शहापूरचा_श्रोता

अक्का, कथाकथन वेगळं आणि पुस्तक वाचणं वेगळं असं माझं म्हणणं आहे. शंकर पाटील स्वतःची गोष्ट सांगत होते, समोर माणसं होती, कुठं थांबायचं ते समोरच्या हसण्यावर ठरत होतं. ते बंद खोलीत काचेमागं बसून दुसऱ्याची चारशे पानं वाचत नव्हते. आणि नभोनाट्य तर लिहिलेलंच आवाजासाठी असतं. कादंबरी डोळ्यांसाठी लिहिलेली आहे, तिच्यात निवेदन आहे, ते निवेदन मारून टाकलं की उरतं काय.

---

निपाणी_नाका

ओ श्रोता, एवढं तत्त्वज्ञान नको राव. ज्याला जे आवडतंय ते ऐकू दे.

पण एक सांगतो. आमची आत्ती विड्या वळत्या, मांडीवर सूप आणि शेजारी मोबाईल ठेवून. तिला वाचायला येत न्हाई. पयलं ती टीव्ही मालिका नुसती ऐकायची, मान वर करायला वेळ कुठला, हजार विड्यांचा हिशेब असतोय. आता पोरानं तिला गोष्टी लावून दिल्यात. तर परवा मी कुठंतरी वाचलो, क्युबात म्हणं सिगारच्या कारखान्यात कामगारांना पुस्तक वाचून दाखवणारा माणूसच असायचा, १८६५ पासनं हाय ही पद्धत. उंच जागंवर बसून सकाळी पेपर आणि दुपारी कादंबरी वाचायचा, आणि त्याचा पगार कामगार आपल्या खिशातनं द्यायचे, मालक न्हवं! कुठली कादंबरी वाचायची ते पण कामगारच ठरवायचे. एका फ्रेंच कादंबरीचं एवढं याड लागलं की तिचं नाव सिगारला दिलं, मॉन्टेक्रिस्टो, अजून विकत्यात. आमच्या निपाणीत एवढा तंबाखू, एवढ्या विड्या, पण असं कुणाला सुचलं न्हाई बघा.

आणि निपाणीचं म्हणाल तर महादेव मोरे. पिठाची गिरणी चालवत लिहिलेला माणूस. गॅरेजवाले, ड्रायवर, तंबाखूच्या वखारीतल्या बाया, सगळी आमची माणसं. पुण्याच्या कुणी ते वाचून दाखवू दे की, जीभ अडकून पडतीया का न्हाई बघू.

---

ध्वनिवेडा

मी मूळ खानापूर तालुक्यातला, सध्या पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, ऑडिओबुकंही केली आहेत. नावं घेणार नाही, पण आतून कसं चालतं ते सांगतो म्हणजे राग थोडा योग्य ठिकाणी जाईल.

पहिली गोष्ट, वाचणारे बहुतेक नाटकातून नाहीतर डबिंगमधून आलेले. डबिंगमध्ये पडद्यावरच्या ओठांशी आवाज जुळवायचा असतो, तिथं हुंदका द्यावाच लागतो. ती सवय पुस्तकात येते. वरून निर्माता काचेमागून सांगतो, 'जरा एक्स्प्रेशन वाढवा'. मी स्वतः ऐकलंय, बिचाऱ्या माणसानं छान संथ वाचलं होतं, त्याला तीनदा परत वाचायला लावून त्याचं नाटक करून टाकलं.

दुसरी गोष्ट, पैसे मिळतात ते बहुधा तयार तासाचे. म्हणजे तासाभराचा स्वच्छ ऑडिओ झाला की तेवढ्याचे. तो तास व्हायला बूथमध्ये दोन-तीन तास सहज जातात, घसा खाकरणं, ओठांची चुटचुट, पोटातला आवाज (हो, माईकला तोही ऐकू जातो, उपाशीपोटी रेकॉर्डिंगला येऊ नये), पान उलटण्याचा आवाज, चुकलेलं वाक्य परत घेणं. पण पुस्तक आधी घरी पूर्ण वाचून यायचे पैसे कुणी देत नाही. मग काय होतं, पहिल्या प्रकरणात पात्राला भरदार आवाज दिला जातो आणि दोनशेव्या पानावर लेखक लिहितो की त्याचा आवाज लहानपणापासून किनरा होता. आता मागचं सगळं परत कोण करणार? तसंच जातं.

बोलीचंही तेच. वाचणाऱ्याला कुणी सांगतच नाही की हा माणूस खानापूरचा आहे, तो कसा बोलेल हे कुणाला तरी फोन करून विचारावं. मी एकदा सुचवलं तर उत्तर आलं, 'ग्रामीण करा ना, चालतंय'.

---

चंदगडी_मिरची

चालतंय कसं?? आमचं कोवाड बेळगावापासनं हाकेच्या अंतरावर, ताम्रपर्णीच्या काठावर, रणजित देसाईंचं गाव. 'स्वामी'ला साहित्य अकादमी मिळालं १९६४ ला. आता ती कादंबरी पेशवाईची, तिच्यात बोलीचा प्रश्न येत नाही म्हणा, पण तालुक्यात असा लेखक झाला आणि आमच्या तालुक्याचा एक आवाज कुठल्या ॲपवर ऐकू येत नाही. आमच्या भागातली पोरं काय कमी बोलतात काय. भजन, सोंगी भजन, कीर्तन, आवाज घराघरात आहेत.

ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्यांवर एक प्रश्न आहे माझा. 'मृत्युंजय' घ्या. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सहा जण आपापली बाजू सांगतात. ती ऐकायची तर एका आवाजात का सहा आवाजांत? मला वाटतं इथं सहा पाहिजेत. कुंतीचं मन पुरुषाच्या आवाजात ऐकताना सारखं वाटत राहतं की कर्णच तिची नक्कल करतोय.

---

शहापूरचा_श्रोता

मिरची, हे मान्य. प्रथमपुरुषी निवेदन आणि माणसं वेगळी, तिथं आवाज वेगळे असलेच पाहिजेत, लेखकानंच तशी वाटणी करून दिली आहे. माझा विरोध एका माणसानं सहा गळे काढण्याला आहे.

---

हुक्केरीचा_पोरगा

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिवालोय, मराठी टाईप करायला वेळ लागतोय, चुका असतील तर चालवून घ्या. माझं शिक्षण सगळं कन्नड मीडियम, घरात मराठी. आजी-आजोबा, आई, सगळे मराठीच बोलतात. देवनागरी येतंय, हिंदी होतं शाळेत, पण मोठं पुस्तक घेऊन बसलो की एक पान वाचायला एवढा वेळ जातोय की गोष्टच विसरून जातोय. लाज वाटायची. कॉलेजात मराठी पोरं पुस्तकांचं बोलायला लागली की मी गप्प.

मग मी ऐकायला चालू केलो. एक पुस्तक पूर्ण ऐकलो, मग दुसरं ऐकलो. तुम्ही सगळे वाचणाऱ्याला शिव्या घालायलाय, मला तर त्या नाटकवाल्यांचा उपयोग झाला. अवघड शब्द आला तरी आवाजावरनं कळतंय रागानं म्हणालाय का प्रेमानं. आता हळू वाचणारा पण समजतोय, पण पहिला पाय नाटकवाल्यानंच धरून आत घेतला.

माझ्यासारखी पोरं लई आहेत आपल्या भागात. घरी मराठी, शाळा कन्नड नाहीतर इंग्लिश. त्यांना पुस्तक हातात देऊन काही होणार नाही.

---

अनगोळ_अक्का

बाळा, लाज कसली रे त्यात. छान लिहिलायस की. मी मराठी शाळेत शिकवत होते, वर्ग कसे रिकामे होत गेले ते डोळ्यांनी बघितलंय. तू लिहीत जा इथं.

आणि श्रोता भाऊ, बघा, नाटकाचा उपयोग झाला की नाही कुणाला तरी!

---

शहापूरचा_श्रोता

हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, खरं सांगायचं तर. मी मराठी वाचू शकणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसून बोलत होतो. पोरग्या, तुझं म्हणणं धरून मी एवढंच म्हणेन की तुला पुढं नेणारा आवाज नाटकी नसेल, जिवंत असेल. त्या दोन्हीत फरक आहे, पण तो नेमका कुठं आहे ते मला सांगता येत नाही पटकन. एक कसोटी आहे माझी : तासाभरानं मला पात्र आठवतंय की वाचणारा? वाचणारा आठवला तर गडबड.

---

सीमेवरला_रिकामटेकडा

मराठी शाळा का बंद पडल्या, कुणी पाडल्या, ते पण येऊ दे की आता. सगळं त्या सीमाप्रश्नाशी

---

संचालक

तो प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, बाकीचा काढला. सीमाप्रश्नाला वेगळे धागे आहेत, एक नाही पुष्कळ आहेत. इथं पुस्तकं आणि आवाज.

---

कानसेन

मला दिसत नाही, फोनच्या स्क्रीन रीडरनं, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या यंत्राच्या आवाजानं, हा धागा ऐकला, त्याच आवाजानं लिहितोही आहे. तुम्ही सगळे ऐकणारे आहात पण हौसेनं. आम्ही ऐकतो कारण दुसरा रस्ता नाही. त्यामुळं माझं मत जरा वेगळं आहे.

आमच्यासाठी स्वयंसेवक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, ती डेझी नावाच्या प्रकारात असतात, त्यात प्रकरण, पान असं उडी मारून जाता येतं. साध्या ऑडिओबुकात तुम्ही 'मागे पंधरा सेकंद' दाबत बसता, आम्ही थेट पान बावीसवर जातो. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन वाचनालय सुरू झालं, तिथं अनेक भाषांतली पुस्तकं आहेत. कायद्यानं पण हे सोपं झालं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर आमच्यासाठी पुस्तकाची अशी प्रत करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही, फक्त ती नफ्यासाठी विकायची नाही.

आता या स्वयंसेवकांत बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, गृहिणी असतात, कॉलेजची पोरं असतात. त्यांना नाटक येतच नाही. आणि माझा अनुभव असा की तीच पुस्तकं मनात राहतात. वाचणारा मध्येच खोकतो, 'माफ करा' म्हणतो, पुढं वाचतो. मला ते चालतं. पात्राचा आवाज मी माझ्या डोक्यात तयार करतो, तो अधिकार मला सोडायचा नाही.

दुसरं, वेग. तुम्ही सव्वापट लावून ऐकता आणि भारी वाटतं. आम्ही यंत्राचा आवाज याच्या कितीतरी वेगानं ऐकतो, शेजारी बसलेल्याला ती भाषा आहे हेही कळत नाही. पण तो बातम्या, मेसेज, अभ्यास यांच्यासाठी. कविता मी कधीच वेगानं ऐकली नाही. इंदिरा संतांची कविता दुप्पट वेगात लावली तर ती कविता राहील का, तुम्हीच सांगा. त्या आपल्या बेळगावच्याच, या गावातला पाऊस आणि माती त्यांच्या ओळीत आहे, ती सावकाशच ऐकायची.

आणि आता सगळीकडं यंत्राचे आवाज पुस्तकं वाचायला लागलेत, स्वस्त पडतं म्हणून. त्यांना मराठीचा 'च' जमत नाही. चटणीतला आणि चिमणीतला 'च' वेगळा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, लिहिताना तर एकच अक्षर. यंत्र 'चटणी', 'चोर', 'जरा', 'झाड' सगळं हिंदी माणसासारखं म्हणतं. हल्लीचे काही आवाज सुधारलेत, पण एक प्रकरण बरोबर म्हणतात आणि पुढच्यात परत घसरतात. सारखं दचकायला होतं.

---

वडगाव_माग

कानसेन भाऊंचं वाचून बरं वाटलं. माझं छोटंसं. आमचे पॉवरलूम आहेत. मागावर काम करताना कानात घालून ऐकून बघितलो, जमत नाही. आवाज एवढा की फुल्ल केला तरी पुस्तक ऐकू येत नाही, आणि मुख्य म्हणजे मागाचा आवाज ऐकावाच लागतो, ताण्यातला धागा तुटला, धोटा अडकला तर आधी कानाला कळतंय मग डोळ्याला. म्हणून रात्री झोपताना ऐकतो, टायमर लावून. रोज पहिली दहा मिनिटं तीच ऐकली जातात कारण कुठं झोप लागली ते आठवत नाही. एकच कादंबरी किती महिने चाललीय विचारू नका.

झोपताना ऐकणाऱ्यांना तरी नाटक नको बघा. मधेच कुणीतरी किंचाळतंय, बायको उठून बसत्या.

---

निपाणी_नाका

😂😂 वैनींना सांगा पुस्तकच हाय म्हणून

---

अनगोळ_अक्का

झोपताना ऐकायला सपाट आवाज, चपात्या करताना नाटक. मिटलं की भांडण.

---

शहापूरचा_श्रोता

नाही अक्का, मिटलं नाही 😀 माझा बोलीचा मुद्दा तसाच पडलाय. लंपनच्या गोष्टी घ्या, प्रकाश नारायण संतांच्या. कानसेननी इंदिराबाईंचं नाव काढलं, हे त्यांचे चिरंजीव, जन्म बेळगावचा. त्या गोष्टी लंपन स्वतः सांगतो, पोरगा आहे, त्याच्या बोलण्यात आपलं गाव आहे, कन्नड शब्द सहज येऊन जातात. आता हे कुणी वाचावं? मोठा माणूस लहान पोराचा आवाज काढून वाचायला लागला तर मी पहिल्या मिनिटाला बंद करीन. आणि लहान पोराला दिलं तर त्याला त्या वाक्यामागचं कळणार नाही, कारण लिहिणारा मोठा आहे, त्यानं मागं वळून लिहिलंय. मला वाटतं चाळिशी-पन्नाशीतला, याच भागात वाढलेला माणूस पाहिजे, त्यानं स्वतःच्या नेहमीच्या आवाजात वाचावं. हेल आपोआप येईल, काढायचा नाही. पोरगेपण वाक्यातच आहे.

---

ध्वनिवेडा

एकदम बरोबर. आणि कन्नड नावांचं काय करतात ते मी सांगू नये. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या मराठी अनुवादांत गावं, नाती, जेवणाचे पदार्थ भरलेले असतात. जोडाक्षरातला जोर कुठं द्यायचा ते कळत नाही, मग 'हुब्बळ्ळी'ची हबेली होते.

---

हुक्केरीचा_पोरगा

भैरप्पा मी कन्नडमध्ये वाचलोय! ते तर माझं सोपं काम. मराठीत कुणी केलंय?

---

अनगोळ_अक्का

उमा कुलकर्णी. त्यांचं माहेर आपलं बेळगाव. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे. आणि गंमत ऐक, या धाग्याला धरूनच आहे. त्यांचे यजमान विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. म्हणजे मराठी वाचकाला मिळालेले ते सगळे भैरप्पा, कारंत आधी कुणाच्या तरी कानातून गेलेत. विरूपाक्षांनी वाचताना नाटक केलं असतं तर अनुवाद कसा झाला असता कुणास ठाऊक, हे श्रोता भाऊंसाठी.

---

कानसेन

वा अक्का. हे मला माहीत नव्हतं. आता ते अनुवाद परत ऐकणार.

---

चंदगडी_मिरची

मग आपणच का वाचू नये? आपल्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगावला गावोगाव साहित्य संमेलनं होतात, मांडव घालून, अख्खं गाव राबतं. तिथं वाचणारे, बोलणारे पुष्कळ आहेत. चार जणांनी मोबाईलवर वाचून टाकलं तर कोण अडवणार आहे?

---

ध्वनिवेडा

कायदा अडवेल, हेच सांगायला आलो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडं असतात, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. म्हणजे लंपन, महादेव मोरे, खांडेकर, कुणीच परवानगीशिवाय वाचून टाकता येणार नाहीत. खांडेकर १९७६ ला गेले, ते २०३७ ला मोकळे होतील. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. यूट्यूबवर जे चाललंय त्यातलं बरंचसं बेकायदा आहे, कुणी तक्रार करत नाही म्हणून चालतंय. कानसेन म्हणाले ती सवलत फक्त ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे.

मोकळे आहेत ते : हरिभाऊ आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक (१९३६), साने गुरुजी (१९५०, म्हणजे २०११ पासून), आणि चिं. वि. जोशी १९६३ ला गेले, ते २०२४ पासून मोकळे. फक्त जुनी आवृत्ती घ्या, नव्या आवृत्तीतली प्रस्तावना-टीपा दुसऱ्या कुणाच्या असतात.

---

शहापूरचा_श्रोता

चिं. वि. जोशी! चिमणराव-गुंड्याभाऊ. हे जमेल. विनोद आहे पण ओरडून वाचायची गरज नाही, चिमणराव स्वतः गंभीरपणानं सांगतो म्हणून तर हसू येतं. आमच्या मामांकडं जुनी आवृत्ती आहे, हुडकतो.

---

निपाणी_नाका

पण ते पुण्या-बडोद्याचं मराठी हाय की ओ. एवढा वेळ बेळगावचं बेळगावचं केला आणि शेवटी चिमणराव?

---

शहापूरचा_श्रोता

बेळगावची भाषा वाचायला पुस्तक बेळगावचं पाहिजे हे खरं, पण ते साठ वर्षं कोण थांबणार. तोवर आपल्या तोंडानं दुसऱ्याचं पुस्तक वाचू. पुण्याचा माणूस आपली भाषा वाचतो तर आपण त्याची वाचायला काय हरकत आहे? आणि मोऱ्यांच्या घरच्यांना रीतसर विचारून बघता येईल, नाका, ते तुमच्या गावातलं काम, तुम्ही करा.

---

निपाणी_नाका

बघतो. विचारायला काय पैसे पडत न्हाईत.

---

अनगोळ_अक्का

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मी वाचणार. आधीच सांगते, मला जसं वाटेल तसं वाचणार, लक्ष्मीबाई स्वतः काय कमी नाटकी होत्या. श्रोता भाऊंनी कानात बोटं घालावीत.

---

शहापूरचा_श्रोता

अक्का तुम्ही वाचा हो. हुंदका तेवढा एकदाच द्या.

---

हुक्केरीचा_पोरगा

अक्का, मी ऐकीन. आणि एक विनंती, प्रत्येक भाग लहान करा, वीस मिनिटांचा. म्हणजे माझ्या बहिणीला पण लावून देतो, तिला लांब काही सहन होत नाही.

---

ध्वनिवेडा

अक्का, थोडं तांत्रिक, घाबरू नका. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, समोर नाही, नाहीतर प-फ-भ चे फुत्कार येतात. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडं तोंड करून बसा, साड्या आवाज पितात, भिंतीचा घुमारा येत नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा, ती मला साफसफाईला लागते. बाकी आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, शिखर उणे ३ च्या आत आणि शांतता उणे ६० च्या खाली, हे माप मोठी ॲप मागतात, ते मी इथं बसून करून देतो, तुम्ही फक्त वाचा. कुकर, मिक्सर आणि पंखा बंद.

---

अनगोळ_अक्का

पंखा बंद? मे महिन्यात कपाटात तोंड घालून? आणि जूनपासून वरती पत्र्यावर पाऊस, तो उणे साठच्या खाली कसा बसवायचा ते तुम्हीच सांगा. गणपती झाले की बसते. तोवर श्रोता भाऊंना चिमणराव वाचू देत, त्यांची गाडी एसीची आहे, तिच्यातच बसून करा म्हणावं, काचा बंद करून.

---

ध्वनिवेडा

गाडीची कल्पना वाईट नाही, खरंच करतात लोक. पण श्रोता, इंजिन आणि एसी दोन्ही बंद ठेवायचे हां.

---

शहापूरचा_श्रोता

मग अक्कांचं कपाट परवडलं.